रॅपरला पोवाड्याचे प्रमाणपत्र कशाला?

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन रॅपरांवर पाठोपाठ गुन्हे दाखल झाले. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे यांनी पन्नास खोक्यांवर गाणे केले आणि शिंदे गटाच्या युवासेनेतून त्याविरुद्ध अंबरनाथला तक्रार गेली. मुंबईच्या उमेश खाडे यांनी राजकारण्यांनी नागवलेल्या जनतेवर गाणे केले आणि पोलिसांनी त्यांनाही चौकशीला नेले. त्यावरून तेव्हा जो वाद रंगला, तोच मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या विडंबनगीतावरून खारच्या स्टुडिओची मोडतोड झाली तेव्हा जसाच्या तसा पुन्हा ऐकू आला. एका बाजूचे म्हणणे असे की, हे कसले गाणे, ही तर अमेरिकेतून उचललेली शिवराळ बडबड. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, रॅप हा आजचा पोवाडा आहे, रॅपर हा आजचा शाहीर आहे, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर हमरीतुमरीवर आल्या आहेत. गाणे कोणत्या कुळातले आहे यावर गाणाऱ्याची मोकळीक ठरत नसते. गाणे सुमार असले, उसने असले, कानाला बोचणारे असले, तरी सत्तेवर टीका केली म्हणून कोणाला पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावणे गैरच आहे. शिवाय हिप हॉपमध्ये समाजाला खडे बोल सुनावण्याची जी ताकद आहे, ती ज्या गुणांतून येते तेच गुण सभ्य श्रोत्याला खुपतात. ते वजा करून उरलेल्या रॅपचे कौतुक करणे म्हणजे बोंब मारणाऱ्याला हळू आवाजात बोंब मारण्याची परवानगी देणे होय.

पोवाड्याचा दाखला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण दाखला लंगडा आहे. उपलब्ध पोवाड्यांतला सर्वांत जुना म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो अज्ञानदासाचा, अफजलखानाच्या वधावरचा. तो वीराचे गुणगान करतो. पेशवाईतल्या शाहिरांनाही आश्रयदाते होते आणि बिदागी होती. पोवाड्याचा नायक बहुधा गाणाऱ्याहून मोठा असतो आणि शाहीर त्याच्या पराक्रमाला साक्षी असतो. रॅपमध्ये असा नायक नसतो; तिथे ‘मी’ असतो, माझी गल्ली असते, माझ्या चाळीचा बंद पडलेला नळ असतो आणि ‘तू’ म्हणून ज्याच्या अंगावर जायचे तो समोरचा असतो. नातेच शोधायचे तर ते सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांशी, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या लाल बावटा कलापथकाशी, किंवा समोरच्याला निरुत्तर करण्यासाठी रात्ररात्र रंगणाऱ्या कलगी-तुऱ्याच्या सवालजबाबाशी अधिक जवळचे निघेल. पण हे नाते सापडले तरी त्याने रॅपरचा बचाव होतो का? शाहीर म्हटल्याने माणूस वाचत असता, तर जे खरोखरच शाहीर होते त्यांचे काय झाले? कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या हवाली केले. गर्भवती असलेल्या शीतल साठे यांना काही महिन्यांत जामीन मिळाला; सचिन माळी यांना तो सर्वोच्च न्यायालयाकडून मिळेपर्यंत २०१७ उजाडले. त्यांच्यावरचे आरोप गाण्यापुरते नव्हते, माओवाद्यांशी संबंधांचे होते, असे सरकारपक्ष म्हणत आला, हे इथे नमूद केलेच पाहिजे. पण डफावरची थाप आणि परंपरेचा वारसा दोन्ही असलेल्या माणसांच्या मागे शाहिरीचा अभिमान मिरवणारा महाराष्ट्र किती उभा राहिला, हेही आठवले पाहिजे. मेलेल्या शाहिराचा पुतळा उभारणे आणि जिवंत शाहिराचा जामीन भरणे या दोन कामांत आपल्याला पहिलेच काम जमते.

आता उसनेपणाच्या आक्षेपाकडे वळू. हिप हॉप न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून आला हे खरे आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेज्विक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकात जन्मलेल्या कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीसाठी तबकड्या वाजवल्या. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे म्हणून तिने ती पार्टी पैसे घेऊन ठेवली होती. म्हणजे ज्याला आपण अमेरिकेचे म्हणतो तेही तिथे कॅरिबियन बेटावरून आले होते. आणि त्या रात्री कोणी सामाजिक टीका करत नव्हते, पोरे नाचत होती. हिप हॉप जन्मतःच बंडखोर होता ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनी नंतर रचलेली आहे. वस्त्या चिरत गेलेला महामार्ग, विम्यासाठी किंवा दुर्लक्षापोटी जळत गेलेल्या इमारती आणि गेलेल्या नोकऱ्या या सगळ्यांनी पोळलेल्या वस्तीतल्या जगण्याचे थेट वर्णन करणारे ग्रँडमास्टर फ्लॅशच्या गटाचे ‘द मेसेज’ १९८२ मध्ये आले, तेव्हा खुद्द गटातल्या बहुतेकांना ते करायचे नव्हते. नाचायला आलेल्या माणसाला घरचीच रडगाणी कोण ऐकवतो, अशी त्यांची शंका होती. ती चुकीची ठरली, कारण ज्यांची ती रडगाणी होती त्यांना ती पहिल्यांदाच कोणा दुसऱ्याच्या तोंडून आणि स्वतःच्या बोलीत ऐकायला मिळाली.

रॅपचा सामाजिक उपयोग इथे आहे असे मला वाटते. लेखात, कवितेत, बातमीत पीडित माणूस ‘ते’ असतो. रॅपमध्ये तो ‘मी’ असतो, आणि मधला दुभाषी बाजूला होतो. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या गटाने १९८८ मध्ये पोलिसांविरुद्ध गाणे केले. ते अर्वाच्य होते, त्यात पोलिसांना मारण्याची भाषा होती, आणि १९८९ मध्ये एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला नाराजीचे पत्र लिहिले. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलीस काठ्यांनी बदडत असल्याचे चित्रण एका रहिवाशाने बाल्कनीतून केले आणि ते जगाने पाहिले. गाण्यात जे अतिशयोक्त वाटत होते ते चित्रफितीत रोजच्या कामासारखे चालले होते. एफबीआयने ते गाणे चिथावणी म्हणून ऐकले. ते तक्रारअर्ज म्हणून ऐकण्याची सोय त्या यंत्रणेत नव्हती.

आपल्याकडे याची उदाहरणे कमी नाहीत. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने आरेतल्या आदिवासी पाड्यांसाठी प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात करवती चालल्या आणि दोन हजारांहून अधिक झाडे पडली. गाण्याने झाड वाचले नाही, हे कबूल. पण आरे म्हणजे मोकळी सरकारी जमीन, हा जो समज शहरात पक्का बसला होता, त्याला तिथे राहणाऱ्या माणसाच्या तोंडून उत्तर मिळाले. तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याने पाऱ्याचा कचरा सोडल्यावरून सोफिया अश्रफ यांनी २०१५ मध्ये रॅप केला. पुढच्या मार्चमध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. हे केवळ गाण्यामुळे झाले असे म्हणणे कामगारांवर अन्याय होईल, कारण ते वर्षानुवर्षे कोर्टात झगडत होते. गाण्याने एवढेच केले की, कंपनीला जे प्रकरण डोंगरावरचे वाटत होते ते लाखो लोकांच्या फोनवर येऊन बसले.

ज्यांनी एखादा सायफर, म्हणजे पाळीपाळीने गाणाऱ्या रॅपरांचा गोल, उभ्याने पाहिलेला नाही, त्यांना रॅप म्हणजे तोंडाला येईल ते बरळणे वाटते. बागेच्या कोपऱ्यात दहा-बारा पोरे गोल करून उभी राहतात. एकाच्या फोनवर यूट्यूबवरची फुकट बीट चालू असते, नाहीतर कोणी तोंडानेच ठेका धरतो. ज्याची पाळी त्याने सोळा ओळी म्हणायच्या. यमक चुकले तर हुर्यो, शब्द अडला तर बाकीचे ठेका धरून त्याला सावरतात, आणि आधीच्याची ओळ उचलून त्याच्यावर उलटवली तर सगळा गोल एकदम उसळतो. मी पाहिलेल्या एका गोलात, डिलिव्हरीच्या कामाची पिशवी पाठीवरून न उतरवता उभ्या असलेल्या एका मुलाने ग्राहकाने दिलेल्या एका तारेच्या रेटिंगवर सोळा ओळी केल्या, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ‘एक तारा’ हे शब्द दर वेळी वेगळ्या जागी आणून बसवले. छंदाची ही शिस्त कोणत्याही काव्यवाचनात क्वचित दिसते. अर्थात, त्यात शिव्याही होत्या.

आणि शिव्या हा विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. तो उडवून लावता येत नाही. ज्या एन.डब्ल्यू.ए.ने पोलिसांना जाब विचारला, त्याच गटाने बायकांबद्दल जे म्हटले ते वाचवत नाही, आणि गटातल्या डॉ. ड्रे यांनी १९९१ मध्ये डी बार्न्स या पत्रकार स्त्रीला मारहाण केली, ती गाण्यातली नव्हती. आपल्याकडच्या रॅपमध्येही प्रतिस्पर्ध्याला हिणवायचे तर त्याच्या आईबहिणीलाच मध्ये ओढायचे, ही रीत सर्रास आहे. पुण्यात २०२३ मध्येच विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत तलवार आणि दारूची बाटली मांडून एक रॅप चित्रित झाला. त्यावर लोक चिडले यात नवल नाही, आणि विद्यापीठाने आपल्या आवाराच्या वापराबद्दल जाब विचारणे रास्तच होते. अन्यायाविरुद्ध बोलणारा माणूस स्वतः अन्यायी नसतो, असे कोणी सांगितले?

पण मग यातून निष्कर्ष काय काढायचा? बाईला मारणाऱ्यावर मारहाणीचा खटला भरावा, विशिष्ट व्यक्तीला धमकावणाऱ्यावर धमकीचा. त्यासाठी कायदे आहेत आणि ते रॅपरलाही लागू आहेत. गाण्यातल्या हिणकसपणाला मात्र उत्तर गाण्यातच आणि समीक्षेतच द्यावे लागते, आणि ते दिले गेले आहे. क्वीन लतीफाने १९९३ मध्ये ‘युनिटी’ या गाण्यातून बायकांना हिणवणाऱ्या रॅपरांना त्यांच्याच व्यासपीठावर सुनावले. महाराष्ट्रात माही जी या महादेव कोळी समाजातल्या रॅपर जंगल, पाणी आणि जातीवर बोलतात तेव्हा मर्दानगीच्या बाता मारणाऱ्यांची तारांबळ उडते. भाषेच्या सोवळ्याबद्दल बोलायचे तर १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा मुंबईच्या वेश्यावस्तीतून उमटलेला कवितासंग्रह आला तेव्हाही ही कसली भाषा असे विचारले गेलेच होते. प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर ती वस्ती फिरून आले. शब्द कळेनासे झाले तर ते ज्या गल्लीत राहतात तिथे जाऊन यावे, ही रीत मला तक्रार नोंदवण्याहून बरी वाटते. आणि गाण्यातला ‘मी’ म्हणजे गाणाऱ्याचा कबुलीजबाब नव्हे, हे तर कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून मान्य केले. गाण्याच्या ओळी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यावर तिथे बंधने आली. खुनाची कादंबरी लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, प्रेत कुठे पुरलेस.

दुसरा वजनदार मुद्दा बदनामीचा. पन्नास खोके घेतल्याचा आरोप कोर्टात सिद्ध झालेला नाही. आमदारालाही अब्रू असते. उद्या कोणीही उठून कोणावरही गाणे रचील. हे मान्य. पण अब्रूचे दावे करण्याची कायद्यात ठरलेली जागा आहे. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा. ज्याची अब्रू गेली त्याने स्वतः न्यायाधीशापुढे तक्रार करायची आणि आपण निर्मळ आहोत या बाजूने उलटतपासणीलाही तोंड द्यायचे. हे कोणाला हवे आहे? म्हणून तक्रारीत भारतीय दंड संहितेचे कलम ५०५(२) येते, जे आता न्याय संहितेत ३५३(२) झाले आहे: दोन समाजांत वैर पसरवणे. ते दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, आणि अब्रूच्या भांडणाला पोलिसांच्या गाडीत बसवण्याचे काम तेच करते. मुंगासे यांच्यावर ते लावले गेले. त्या कलमाच्या मजकुरात धर्म, वंश, भाषा, प्रदेश, जात, समाज असे शब्द आहेत. पक्ष सोडून गेलेल्या आमदारांचा गट यांपैकी नेमका कशात बसतो? आणि पन्नास खोक्यांची घोषणा ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर, कॅमेऱ्यांसमोर, टाळ्यांच्या तालावर दिली होती. तेव्हा समाजासमाजांत वैर पसरले नाही आणि एका पोराने ती बीटवर घेतली तेव्हा पसरले, याचा उलगडा कोणी करील का?

गंमत म्हणजे मुंगासे यांच्या गाण्यात कोणाचे नावच नव्हते. नाव नसलेल्या चोरात स्वतःच्या नेत्याला तक्रारदाराने ओळखले. महाराष्ट्राने हा प्रयोग आधी पाहिलेला आहे. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकाची कथा महाभारतातली होती, तरी कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकापासून लंडनच्या वृत्तपत्रापर्यंत सर्वांना कळले, आणि सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. बंदी घालताना आपण कोणाला कीचक समजतो याची कबुलीच सरकारने देऊन टाकली. एखादे रूपक खोटे असते तर ते कोणाला लागलेच नसते.

न्यायालये या बाबतीत कुठे उभी आहेत? मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसचे खासदार आणि कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा जामनगरचा गुन्हा रद्द केला. एका चित्रफितीला त्यांनी कवितेची पार्श्वभूमी दिली होती. शब्दांचा परिणाम खंबीर आणि विवेकी माणसाच्या मापाने मोजावा, प्रत्येक टीकेत धोका हुंगणाऱ्या भेदरलेल्या मनाच्या मापाने नव्हे, ही कसोटी न्यायालयाने पुन्हा उचलून धरली. ती आली होती नागपूर उच्च न्यायालयातून, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या १९४६ च्या निकालातून. मात्र या निकालावर विसंबून झोपी जाण्यात अर्थ नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता एका बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात १९९४ मध्ये छापली गेली; २०१५ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने माफी मागितलेल्या प्रकाशकाला मोकळे केले आणि कवीचा प्रश्न खटल्यावर सोडून दिला. एका कवितेसाठी एकवीस वर्षे लागत असतील, तर अंतिम निकाल काय लागतो याने गाणाऱ्याला काय फरक पडतो?

रॅपरांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही मला एक विचारायचे आहे. मे २०२२ मध्ये, महाविकास आघाडीचे सरकार असताना, शरद पवार यांच्यावरची ओंगळ पद्यरचना समाजमाध्यमावर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक झाली आणि सुमारे चाळीस दिवस त्या कोठडीत आणि तुरुंगात होत्या. ती रचना मला किळसवाणी वाटली होती आणि आजही वाटते. पण ‘आजचा शाहीर’ म्हणून पुढच्या वर्षी गळा काढणाऱ्यांपैकी किती जणांनी तेव्हा तोंड उघडले? आणि चितळे यांच्या अटकेवर संतापलेले किती जण मुंगासे यांच्यासाठी बोलले? गाणे आपल्या बाजूचे असले की कला आणि समोरच्याचे असले की विकृती, ही वाटणी ज्या दिवशी मान्य केली त्या दिवशी पुढच्या गृहमंत्र्याच्या हाती आपणच काठी दिली.

एक मुद्दा मात्र रॅपच्या चाहत्यांना आवडणार नाही. पोलिसांपेक्षा बाजाराने या कलेची धार जास्त बोथट केली आहे. धारावी-कुर्ल्याच्या रॅपवर बेतलेला हिंदी चित्रपट २०१९ मध्ये गाजल्यावर पेयांच्या जाहिराती आल्या, निवडणुकीची प्रचारगीते आली. गाडी, चेन आणि शत्रूला धूळ चारण्याच्या गाण्यांना प्रायोजक मिळतात, पाणीपट्टीवरच्या गाण्याला मिळत नाहीत. इराणमध्ये तुमाज सालेही यांना गाण्यांसाठी आणि आंदोलनाला दिलेल्या पाठिंब्यासाठी २०२४ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, नंतर ती रद्द झाली. आपल्याकडे तसे काही होत नाही, होण्याची गरजही पडत नाही. इथे एक गुन्हा नोंदवला की पुरते: वकिलाची फी, संभाजीनगर ते अंबरनाथ अशी खेप, घरच्यांचा तगादा, आणि ज्या स्टुडिओवाल्याने तासाच्या बोलीवर माइक दिला त्याचे ‘यापुढे राजकीय काही नको रे भावा’. त्यानंतर तोच मुलगा गाडी आणि चेनवर गाणे करतो, आणि आपण म्हणतो, बघा, रॅप हा असाच उथळ असतो.

म्हणून मागणी छोटी आणि रुक्ष आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे, आणि शब्दांवरून झालेल्या तक्रारींत ती वापरणे योग्य ठरेल असे प्रतापगढी निकालात सांगितले आहे. राज्याच्या गृहखात्याने परिपत्रक काढून गाणे, कविता आणि विडंबनाविरुद्धच्या प्रत्येक तक्रारीला ती सक्तीची करावी, आणि तक्रारदाराकडून लेखी घ्यावे की गाण्यातल्या कोणत्या ओळीने कोणत्या दोन समाजांत वैर निर्माण झाले. हा नियम कोणत्याही पक्षाच्या सरकारला गैरसोयीचा होईल, आणि बहुतेक तक्रारदार त्या रकान्यापाशीच अडतील.